पियानोमागची जागा

या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी बेसूर गोष्ट खपवून घेतली नाही, आणि अप्पांनी तर नाहीच नाही. हे वाक्य ताईने शोकसभेच्या भाषणासाठी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि आरशासमोर म्हणून पाहिलं. म्हणताना तिचा आवाज नेमका 'नाहीच नाही'ला कापत होता, त्यामुळे ती समाधानी होती. अडचण एवढीच होती, की ज्या खोलीत हे वाक्य म्हणायचं होतं त्याच खोलीत अप्पांचा स्वतःचा पियानो उभा होता, आणि तो असा बेसूर होता की शेजारच्या दंतवैद्याने एकदा सहानुभूतीने विचारलं होतं, आतून किडलाय का.

थोरला भाऊ आदल्या संध्याकाळी आला होता. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या सभागृहात तो पियानो सुरात लावायचं काम करत असे. तिथे त्याच्याशी बोलताना वादक खुर्चीवरून उठतात, असं तो स्वतः सांगत असे. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने उभ्याउभ्या एक पट्टी दाबली, मग दुसरी, आणि बॅग ठेवायचं राहूनच गेलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"पियानो," ताई म्हणाली.

"ते दिसतंय. याला झालंय काय?"

"म्हातारपण." ताई शाळेची मुख्याध्यापिका. बहुतेक प्रश्नांना एका शब्दात उत्तर देऊन पुढच्या वर्गाकडे वळायची तिला सवय होती. पण भाऊ अजून बॅग धरूनच उभा होता, म्हणून तिने पुढे सांगितलं, "शेवटची काही वर्षं त्याच्या तारांना हात लावला नाही त्यांनी. मी म्हटलंसुद्धा, अप्पा, लोकांचे लावत फिरता, घरचा कधी लावणार? म्हणाले, राहू दे. ऐकायलाही कमी येत होतं, पण कबूल कोण करतंय? दाराची बेल वाजली की मला विचारायचे, फोन का उचलत नाहीस."

थोरला हसला नाही. त्याने आणखी एक पट्टी दाबली आणि दात दुखावा तसा चेहरा केला.

पियानोच्या मधल्या पट्ट्यांत एकेका स्वराला तीन तारा असतात. तिन्ही अगदी सारख्या ताणल्या की एकच आवाज येतो, काठीसारखा सरळ. एखादी केसभर सैल असली की तो डोलायला लागतो, पाण्यावरच्या होडीसारखा, वर-खाली, वर-खाली. घरात याला हेलकावा म्हणत. हेलकावा मारायचा हाच या घराण्याचा धंदा. अप्पांच्या हाताखाली शिकताना ज्याच्या स्वरात हेलकावा राहिला त्याच्याशी रात्री जेवताना कुणी बोलत नसे. थोरल्याने लहानपणी अशी बरीच जेवणं मुकाट्याने जेवली होती. आणि आता त्याच अप्पांच्या पियानोत, अगदी मधोमध, हेलकाव्यांची जत्रा भरली होती.

"उद्या निम्मी माणसं धंद्यातली येणार," तो म्हणाला. "कुणी सहज एक पट्टी दाबली तर काय तोंड दाखवायचं? मी सकाळी लावतो."

"मी तेच म्हणणार होते," ताई म्हणाली. तिच्या मनात या पियानोची सोय झालेलीच होती. अप्पांची ही जागा भाड्याची, ती महिनाअखेर सोडायची होती. पियानो तिच्या शाळेच्या गायनवर्गात जाणार होता आणि त्यावर अप्पांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. गायनाच्या बाई उद्या येऊन तो बघणार होत्या.

दोघांचं एकमत होण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ होती, आणि तेही नको त्या गोष्टीवर झालं.

सकाळी थोरल्याने पियानोचं समोरचं झाकण काढलं, लोकरीच्या फेल्टची लांब फीत तारांमध्ये दाबून बसवली आणि तारा ताणायची किल्ली हातात घेतली. दोन्ही टोकांकडच्या स्वरांच्या खुंट्या फिरवताना करकरल्या. याचा दोष त्याने गंजाला दिला. मधल्या मात्र लोण्यासारख्या फिरत होत्या. याचं श्रेय त्याने आपल्या मनगटाला दिलं. एकेक हेलकावा पकडायचा, किल्लीवर नुसता भार टाकायचा, डोलणं संथ होत होत थांबतं, ती घडी ओळखायची. हे त्याला जगातल्या इतर कुठल्याही कामापेक्षा चांगलं जमत असे. शेवटचा स्वर सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. अप्पा गेल्याचा फोन आला होता तेव्हा तो सभागृहात एका वाद्याच्या पोटात डोकं घालून होता, रात्री कार्यक्रम होता, आणि रडायचं तेव्हा राहूनच गेलं होतं. ते त्याने आता, खोलीत कुणी नाही असं बघून, उरकून घेतलं.

मग त्याने तपासणीचे स्वर वाजवले. काम संपलं की अप्पा तेच थोडेसे स्वर वाजवत, खालून वर जाणारे आणि मग एका काळ्या पट्टीवर येऊन थांबणारे. त्या स्वरांना गाणं म्हणता येणार नाही. गवंडी भिंत झाल्यावर तिच्यावर हात फिरवतो, तसलं काहीतरी.

"अप्पांना बरं वाटलं असतं," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

*

धाकटा दुपारी आला. तो मोठ्या दुकानात विजेवर चालणारे कीबोर्ड विकत असे, जे कधी उतरत नाहीत आणि म्हणून कधी लावावे लागत नाहीत. अप्पांनी आपल्या किल्ल्यांची पेटी थोरल्याला डावलून याला दिली, याने वर्षभरात धंदा सोडला, आणि थोरल्याने शहर सोडलं, हा सगळा इतिहास दोघा भावांच्या प्रत्येक भेटीत हजर असे, पण त्याला बस कुणी म्हणत नसे.

"लावलास वाटतं," दारातूनच धाकटा म्हणाला. त्याचा कान अजून शाबूत होता. "छान झालंय, दादा. खरंच."

"तुमच्याकडे बटण दाबून होत असेल."

"होतं. पण ऐकून रडायला येत नाही."

थोरल्याला ही तारीफ आहे की टोमणा ते ठरवता येईना, म्हणून त्याने ती ठेवून घेतली.

धाकट्याच्या मागून त्याची बायको आली आणि तिच्या मागून, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून, त्यांची मुलगी भुंगी. वय अकरा. नाव अप्पांनी ठेवलेलं, कारण ती तोंड मिटून सदानकदा गुणगुणत असे. ती बोले फार कमी, कुणी अंगाला हात लावला की आक्रसून जाई, आणि गर्दीत कानांवर हात ठेवी. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितल्यापासून ताईने त्याच्यावर पुष्कळ वाचलं होतं, धाकट्याने काहीच वाचलं नव्हतं, आणि भुंगीच्या आईला वाचायला वेळ मिळाला नव्हता, कारण ती भुंगीबरोबर असे. उरलेला वेळ ती औषधांच्या दुकानात नोकरी करी. तिला गाण्यातलं काही कळत नसे. हे तिने लग्नाआधीच प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून घरात तिच्याबद्दल 'स्वभावाने चांगली आहे' असं म्हणायची पद्धत पडली होती.

"पियानो भिंतीला का लावलाय?" तिने विचारलं.

"खुर्च्या मावत नव्हत्या," ताई म्हणाली.

"तो पुढे ओढायला हवा. मागे तिची जागा आहे."

"आज एक दिवस नाही बसली मागे तर—"

"ताई, आजच बसू दे. अप्पा गेल्यापासून ती गुणगुणलेली नाही. बिस्किटांशिवाय काही खात नाही. रोज शाळेतून आली की दप्तर घेऊन तशीच दाराशी उभी राहते, इकडे यायला. मी तुमच्या गर्दीमुळे आणलं नाही. आज तिला तिथे बसू दे, कुणीतरी वाजवा. अप्पा गेले हे तिला कसं सांगायचं कळत नाही; ती गुणगुणायला लागली की तिचं तिला उमजेल सगळं. माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

एवढं लांब ती सहसा बोलत नसे. ताईने भावांकडे पाहिलं.

"आत्ताच लावलाय," थोरला म्हणाला. "ढकलाढकलीने परत हलेल."

"हळू ओढू," धाकटा म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची असली की तो आवाज खाली आणून घेई, म्हणजे घेतल्याचं फारसं कुणाला कळत नसे.

दोघांनी मिळून पियानो हातभर पुढे ओढला. मागे भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये एक बोळ तयार झाला. भुंगी लगेच ओढणी सोडून त्यात शिरली आणि पाठ पियानोला लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. पियानोच्या मागच्या बाजूला लाकडाचा एक मोठा पातळ पडदा असतो. तारांचा सगळा आवाज त्यात उतरतो. तिच्या खांद्यांच्या उंचीला त्या लाकडाचं पॉलिश पार गेलेलं होतं. थोरल्याला हे सकाळी दिसलं नव्हतं, कारण तो पुढच्या बाजूला काम करत होता.

*

शोकसभा चांगली झाली, म्हणजे सुरुवातीला. गायनाच्या बाई आल्या, दंतवैद्य आला, अप्पांची जुनी गिऱ्हाइकं आली आणि धंद्यातले दोघे-तिघे आले, जे खुर्चीत बसल्याबसल्या पियानोकडे असे बघत होते जसे डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरच्या प्रकृतीकडे बघतात. ताई 'नाहीच नाही'पर्यंत पोचली आणि तिचा आवाज ठरल्याप्रमाणे कापला. पण पुढच्या वाक्यालाही कापला, जे ठरलेलं नव्हतं, आणि उरलेलं भाषण तिने हातातल्या कागदाची घडी करत करत तसंच सोडून दिलं.

"आता दादा वाजवेल," ती म्हणाली आणि बसली.

थोरल्याने अप्पांचे तपासणीचे स्वर वाजवले. धंद्यातल्या माणसांनी ते ओळखले आणि माना खाली घातल्या. स्वर एकेक करून खालून वर गेले, स्वच्छ, सरळ, एकातही डोल नाही, आणि काळ्या पट्टीवर येऊन थांबले. थोरल्याला वाटलं, इतकं नेमकं आपण सभागृहातसुद्धा कधी लावलेलं नाही.

पियानोच्या मागे काहीच झालं नाही.

भुंगीची आई खुर्चीच्या कडेवर आली. "परत," ती हळूच म्हणाली.

थोरल्याने परत वाजवलं. या वेळी मागून लाकडावर थाप पडली. एकच, तळहाताची. पाहुण्यांना वाटलं काहीतरी पडलं. थोरल्याने तिसऱ्यांदा वाजवलं. थाप. मग थापांवर थापा, मग कपाळ आपटल्याचा आवाज, आणि मग भुंगी ओरडायला लागली. या ओरडण्यात शब्द नव्हता आणि श्वास घ्यायला जागा नव्हती.

तिच्या आईने बोळात शिरून लाकूड आणि कपाळ यांच्यामध्ये स्वतःचा हात घातला. पुढचे काही आघात त्या हातावर बसले. धाकट्याने खुर्च्या बाजूला सारल्या, कुणाच्या तरी कपातला चहा दंतवैद्याच्या पँटवर सांडला, आणि तो "काही नाही, काही नाही" म्हणत स्वतःचा रुमाल शोधू लागला. आई भुंगीला घेऊन मागच्या कामाच्या खोलीत गेली आणि दार लोटलं. ओरडणं ऐकू येतच राहिलं.

पाहुणे अशा वेळी जेवढ्या घाईने निघता येतं तेवढ्या सभ्यपणे निघाले. गायनाच्या बाई ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वाद्य मात्र उत्तम आहे हो."

*

"मी सांगितलं होतं, गर्दीत आणू नका," दार लागल्यावर ताई म्हणाली.

"कधी सांगितलंस?" धाकट्याने विचारलं.

"सांगणार होते. मी वाचलंय याच्यावर. अशा मुलांना एकदम बदल—"

"अशा मुलांना म्हणजे कशा, ताई?"

धाकट्याचा आवाज नेहमीसारखा खाली नव्हता, हे तिघांच्याही लक्षात आलं, त्याच्या स्वतःच्याही.

"माझ्या गाडीत एक वाद्य आहे," तो मग म्हणाला. "कीबोर्ड. तो आणतो. त्याचा आवाज हळू-मोठा करता येतो, कदाचित…" त्याने तो आणला, कामाच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला आणि तेच स्वर वाजवले. भुंगी टेबलाखाली बसली होती, कपाळावर लाल वळ. तिने कीबोर्डकडे बघितलं आणि पाठ फिरवली. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवायची धाकट्याला सवय होती. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला.

थोरला पुढच्या खोलीत होता. आपण वाजवलं आणि हे झालं, एवढं त्याला समजत होतं. वाजवणं उत्तम होतं हेही समजत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हे समजत नव्हतं. त्याने पियानोमागे जाऊन ते पॉलिश गेलेलं लाकूड बघितलं. मग भुंगीच्या आईला हाक मारून विचारलं, "ते दोघं रोज काय करायचे?"

"अप्पा वाजवायचे, ती मागे बसून गुणगुणायची. एकमेकांची तोंडंही दिसायची नाहीत, पण तासतासभर चालायचं." ती आपला सुजलेला हात नळाखाली धरून उभी होती, दार उघडं ठेवून, म्हणजे भुंगी दिसत राहील. "मध्येच ती थाप मारायची. मग अप्पा उठायचे, किल्ली घेऊन आत काहीतरी करायचे, परत वाजवायचे. थाप थांबून गुणगुण सुरू झाली की बसायचे."

"किल्ली घेऊन?"

"हो. मी एकदा विचारलं, काय चाललंय? म्हणाले, कान तिचा, हात माझा. मला वाटलं, लाडानं म्हणतात."

"हात लावत नव्हते ते तारांना," ताई म्हणाली. "मला स्वतः म्हणाले, राहू दे."

थोरल्याला मधल्या खुंट्या आठवल्या. वर्षानुवर्षं न हललेली खुंटी कधी लोण्यासारखी फिरत नाही, हे त्याच्या धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही माहीत असतं. त्या खुंट्या रोज फिरवल्या जात होत्या. आणि तार आपल्या आपण बेसूर होते, पण एका ठरावीक बेसुरावर टिकून राहत नाही. हवा दमट झाली की वेगळी, कोरडी झाली की वेगळी. ज्या म्हाताऱ्याने एका हेलकाव्यासाठी पोरांना रडवलं, तो आपल्याला धड ऐकू येत नसताना, एका मुलीच्या थापेवर तेच हेलकावे रोज जागच्या जागी आणून ठेवत होता. तिच्या पाठीला तेवढंच डोलणं हवं होतं. आणि थोरल्याने एका सकाळीत ते सगळं निपटून काढलं होतं. वर रडलाही होता.

"मी मारले ते," तो म्हणाला.

"काय मारलं?" ताईने घाबरून विचारलं.

"हेलकावे."

*

भुंगीला परत बोळात यायला संध्याकाळ झाली. कुणी आणली नाही. तिची आई आधी एकटीच तिथे जाऊन बसली, मग उठून बाहेर आली, आणि थोड्या वेळाने जागा मोकळी बघून भुंगी तिथे गेली. थोरल्याने झाकण काढून ठेवलं होतं. धाकटा दिवा धरून उभा राहिला. लहानपणी अप्पा काम करताना हे काम त्याचंच असे.

थोरल्याने काळी पट्टी दाबली. थाप.

त्याने तीन तारांपैकी एकीच्या खुंटीला किल्ली लावली आणि हाताला आयुष्यात प्रथमच उलट्या बाजूला जायला सांगितलं. हात ऐकेना. एवढीशी सैल करायची म्हटली तरी मनगट आपसूक परत वर ओढत होतं.

"दादा, सोड ना जरा," धाकटा म्हणाला.

"सोडतोच आहे."

"नाही सोडत आहेस. परत तिथेच नेऊन ठेवलीस."

पट्टी. थाप. थोडी सैल. थाप. आणखी थोडी. आता स्वर भराभर हलायला लागला, लगबगीने, आणि थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन थापा.

"जास्त झाली," तिची आई म्हणाली. "दोन म्हणजे जास्त. अप्पांच्या वेळी असंच असायचं."

थोडी वर. आता डोल संथ झाला. होडी किनाऱ्याला बांधून ठेवावी तसा, जागच्या जागी, वर-खाली.

थाप आली नाही. थोरल्याने पट्टी दाबूनच धरली. स्वर विरत गेला, पार विरायच्या आत त्याने परत दाबली, आणि तेव्हा मागून तोंड मिटलेला, खालचा, थोडासा फाटलेला आवाज आला. आठवड्यानंतर. ती स्वराबरोबर डोलत गुणगुणत होती.

ताई खुर्चीत बसून होती. तिने चष्मा काढला आणि तो पुसत राहिली. "केवढा बेसूर आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

असं एकेक करत ते पुढे गेले. थोरला बिघडवत होता, भुंगी सांगत होती कुठवर. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. अर्ध्या वाटेवर थोरल्याचा हात हट्ट करायचा थांबला. आपल्यापेक्षा बारीक कान पलीकडे आहे आणि तो आपल्यावर रागावत नाही, नुसती थाप मारतो, याची त्याला सवय होत गेली. अप्पांच्या हाताखाली असं शिकायला मिळालं असतं तर, असा एक विचार त्याच्या मनात आला, पण दिवा धरलेला धाकटा बघत होता, म्हणून तो त्याने पुढे नेला नाही.

लागणारे स्वर झाले तेव्हा त्याने तपासणीचं वाजवलं. खालून वर, आणि काळ्या पट्टीवर मुक्काम. सगळं डोलत होतं. भुंगी शेवटपर्यंत गुणगुणली.

मग गुणगुण थांबली आणि ती बोळातून बाहेर आली.

वाजवणं चालू असताना ती कधीच बाहेर येत नसे, असं तिची आई नंतर म्हणाली. ती पियानोला वळसा घालून पुढे आली आणि थोरल्याच्या हातांकडे बघत उभी राहिली. हातांकडे बराच वेळ. मग मनगटांकडे, मग शर्टाच्या बाह्यांकडे, आणि शेवटी एकदाच, झटकन, चेहऱ्याकडे.

"नाही," भुंगी म्हणाली.

अप्पा आता नाहीत हे तिला सांगायचं कसं म्हणून घर आठवडाभर काळजीत होतं, ते तिचं तिने विचारून घेतलं होतं आणि उत्तरही घेतलं होतं. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली. कानांवर हात ठेवले नाहीत. मग आली तशी वळसा घालून परत गेली, आणि खाली बसल्याचा आवाज आला.

थोरल्याला पुढे काय करावं ते कळेना. पट्ट्यांवर हात तसेच होते.

मागून एक थाप आली. एखादा स्वर राहिला होता.

*

रात्रीचं जेवण होण्याआधी ताईने गायनाच्या बाईंना फोन केला. पियानो आतून खराब निघाला, मुलांच्या उपयोगाचा नाही, असं तिने सांगितलं, आणि पाटीचं नंतर बघू म्हणाली. फोन ठेवल्यावर ती कुणाकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडे मावेल ना तो?"

"कपाट हलवू," भुंगीची आई म्हणाली.

"आणि हे सारखं करत राहावं लागेल," थोरला म्हणाला. "आता रोज कोण करणार?"

धाकटा घसा साफ करून म्हणाला, "अप्पांची पेटी आहे माझ्याकडे. माळ्यावर. विकली नव्हती." हे तो भावाला बऱ्याच वर्षांपासून सांगणार होता. थोरल्याने मान हलवली. दोघांमधला तेवढा विषय तेवढ्यात संपला. "मी करीन. हात बसेल परत."

"तू नको," त्याची बायको म्हणाली. "तुझा कान चांगला आहे. चार दिवसांत सगळं बरोबर लावून ठेवशील." तिने थोरल्यापुढे आपला न सुजलेला हात केला. "मला दाखवा, दादा. मला यातलं काही कळत नाही, म्हणजे मी तिचंच ऐकीन."

थोरल्याने तिच्या हातात किल्ली दिली, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि हाताने न ओढता नुसता भार टाकायचा हे समजावलं. तिने पहिल्याच प्रयत्नात खुंटी हवी त्याच्या तिप्पट फिरवली. मागून दोन थापा आल्या. तिने ती परत फिरवली. रात्रीचं जेवण होईपर्यंत ते असंच चाललं, आणि मागे भुंगी न कंटाळता थापा मारत राहिली.

सकाळी थोरल्याची गाडी होती. बूट घालून झाल्यावर, बॅग हातात धरून, त्याने उभ्याउभ्या ती काळी पट्टी दाबली. एका दिवसात दोनदा हलवलेली तार जागेवर राहत नाही. ती उतरली होती. त्याने ती तशीच राहू दिली; कुठवर आणायची हे आता भुंगी तिच्या आईला सांगणार होती.